मृत्यूच्या दाखल्यावर ‘हवा’ असं कधी लिहितात का?

वाटसरू

बाबांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, पण रहदारीच्या रस्त्याच्या कडेने चालू नका असंही बजावलंय. आमचं घर नेमकं चौकाला लागून, पहिल्या मजल्यावर. सिग्नलला बस आणि ट्रक इंजिन चालू ठेवून उभे असतात. खिडकीचे गज सकाळी पुसले तरी संध्याकाळी फडकं पुन्हा काळं होतं.

यावरून घरात वाद चाललाय. भावाचं म्हणणं, धुराने खोकला होतो, दमा वाढतो हे पटतं. हृदयाचा तिथे काय संबंध? त्याच्या दुसऱ्या मुद्द्यावर तर मला काहीच बोलता आलं नाही. तो म्हणाला, “दाखल्यावर हार्ट अटॅक लिहितात, न्यूमोनिया लिहितात. मृत्यूचं कारण म्हणून ‘हवा’ लिहिलेला एक तरी दाखला दाखव. मग हवेमुळे दरवर्षी लाखो माणसं जातात हे मोजलं कोणी?”

मला वाद जिंकायचा नाहीये. बाबांना कुठे आणि कधी चालायला पाठवायचं ते ठरवायचंय, आणि हे आकडे कितपत भरवशाचे आहेत तेही समजून घ्यायचंय. हवा मोजणारं एक छोटं यंत्र घरी आणलंय. धुक्याच्या सकाळी ते भलतेच आकडे दाखवतं आणि ऐन रहदारीत मात्र आकडा तितकासा वाढत नाही. त्यावर किती विसंबायचं? जाणकारांनी सांगावं.

सूक्ष्मतुला

तुमच्या भावाचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ज्या कामातून निघतं, त्याच्या अगदी पहिल्या पायरीवर मी आहे. हवेतली धूळ ज्या फिल्टरवर गोळा होते त्या फिल्टरचं वजन करणं हे माझं काम. म्हणून तिथूनच सांगते.

पीएम २.५, म्हणजे हवेतली अगदी बारीक धूळ, मोजण्याच्या यंत्रात हवा मिनिटाला साधारण १६.७ लिटर या वेगाने ओढली जाते. वाटेत तिला एक तीव्र वळण दिलेलं असतं. मोठ्या कणांना ते वळण घेता येत नाही, ते समोर आदळून तिथेच अडकतात. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण मात्र हवेबरोबर वळतात आणि पुढे फिल्टरवर बसतात. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो.) आपल्या नाकात आणि घशात निसर्गाने हीच युक्ती वापरली आहे, आणि तिथूनही हे बारीक कण असेच निसटून खोल जातात. २४ तासांत यंत्रातून २४ घनमीटर हवा जाते. एक माणूस दिवसभरात साधारण १० ते १५ घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे यंत्र जवळपास दोन माणसांचा श्वास घेतं म्हणा ना.

फिल्टर आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ठरावीक तापमानाच्या आणि ठरावीक दमटपणाच्या खोलीत दिवसभर ठेवून मगच तोलायचा. त्यावरची स्थिर वीज काढून टाकायची, नाहीतर तराजू फसतो. हवेत ४० मायक्रोग्रॅम (मिलिग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम) प्रति घनमीटर धूळ असेल तर दिवसाअखेर फिल्टरचं वजन एका मिलिग्रॅमहूनही थोडं कमीच वाढतं. डोळ्यांना मात्र ते नीट दिसतं. कोरा फिल्टर पांढराशुभ्र असतो. उतरवलेला राखाडी, वाईट दिवसाचा काळाकुट्ट. शिकायला येणाऱ्या मुलांसमोर मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवते.

आता ‘मोजलं कोणी?’ याबद्दल. नाव घेऊन, एकेक माणूस धरून कोणीही मोजलेलं नाही, आणि तसं मोजता येतही नाही. १९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखेपर्यंत, लंडनवर थंड, स्थिर हवा बसून राहिली आणि कोळशाचा धूर तिच्यातच कोंडला. त्या दिवसांतले दाखले काढून पाहिले तर त्यांवर ब्राँकायटिस, न्यूमोनिया, हृदयविकार असंच सापडेल. एकेका डॉक्टरला तो नेहमीचाच हिवाळी मृत्यू वाटला असणार. साऱ्या शहराची आठवड्याची बेरीज समोर आली तेव्हा नेहमीपेक्षा सुमारे ४,००० मृत्यू जास्त निघाले. धुकं हटल्यावरही पुढचे काही महिने मृत्यू चढेच राहिले होते. सरकारने त्याचं खापर फ्लूवर फोडलं. २००१ साली त्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा फ्लूने एवढी वाढ होणं शक्य नाही असं दिसलं आणि आकडा १२,००० च्या घरात गेला. एकेका दाखल्यात दिसत नाही ते बेरजेत दिसतं. भावाला पहिलं उत्तर हे द्या.

तो म्हणेल, त्या काळी थंडीही होती. बरोबर आहे. म्हणून पुढच्या संशोधकांनी माणसं आधी निवडली आणि मग वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. हार्वर्डच्या ‘सहा शहरं’ अभ्यासात अमेरिकेतल्या ८,१११ प्रौढांना एकेक करून विचारलं होतं: सिगारेट किती ओढता, वजन किती, शिक्षण किती, कामाच्या जागी धूळ-धूर आहे का. चौदा-सोळा वर्षं पाठपुरावा करून १९९३ मध्ये निष्कर्ष छापले. या सगळ्याचा हिशेब वजा केल्यावरही सर्वांत मळक्या हवेच्या स्टूबेनव्हिलमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ पोर्टेजपेक्षा २६ टक्के जास्त होतं. उद्योगांनी या निष्कर्षांवर जोरदार हरकत घेतली. मग मूळ माहिती एका त्रयस्थ गटाकडे देऊन सगळं गणित पुन्हा करायला लावलं. २००० साली त्यांचाही निष्कर्ष तोच आला.

पण मला स्वतःला सर्वांत जास्त पटलेलं काम दुसरंच आहे, आणि त्याचा माझ्या फिल्टरांशी थेट संबंध आहे. अमेरिकेच्या यूटा खोऱ्यात एक मोठा पोलाद कारखाना होता. १९८६ च्या ऑगस्टमध्ये तो कामगार-तंट्यात बंद पडला आणि १९८७ च्या सप्टेंबरात पुन्हा सुरू झाला. मधला पूर्ण हिवाळा त्याची धुरांडी थंड होती. आर्डेन पोप नावाचे तिथलेच अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी इस्पितळांच्या नोंदी काढल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनाच्या आजाराने दाखल होणारी मुलं, बंद हिवाळ्याच्या तुलनेत दोन ते तीन पट होती. तीच मुलं, तीच घरं, तीच थंडी. फरक फक्त धुरांड्यांचा.

आता पुढचं ऐका. त्या तिन्ही काळांतले, म्हणजे बंद पडण्याआधीचे, बंद असतानाचे आणि पुन्हा सुरू झाल्यावरचे फिल्टर कोणीतरी जपून ठेवले होते. दहा-बारा वर्षांनी संशोधकांनी त्यांवरच्या धुळीचा पाण्यात अर्क काढला आणि निरोगी स्वयंसेवकांच्या फुफ्फुसाच्या एका छोट्या भागात तो दुर्बिणीच्या नळीने सोडला, तिन्ही काळांचा सारख्याच मात्रेत. दुसऱ्या दिवशी तो भाग धुऊन आलेल्या पेशी तपासल्या. कारखाना चालू असतानाच्या धुळीने दाह जास्त झाला होता, बंद काळातल्या धुळीने कमी. चालू काळातल्या धुळीत धातूंचं प्रमाणही जास्त होतं. हे काम २००१ मध्ये प्रसिद्ध झालं.

ते वाचल्यापासून मी वजन करून झालेला एकही फिल्टर निष्काळजीपणे ठेवत नाही. तारीख, ठिकाण, क्रमांक लिहिते, थंड कपाटात ठेवते. कोणाला कधी काय विचारायचं असेल, सांगता येत नाही.

नाडी

मी हृदयरोग विभागात काम करतो. ‘हृदयाचा काय संबंध’ याबद्दल थोडं लिहितो, कारण घरोघरी नेमकं हेच माहीत नसतं. हवेमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचा वाटा फार मोठा आहे.

तीन वाटा आहेत. फुफ्फुसात दाह झाला की दाहक द्रव्यं रक्तात उतरतात आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतात. दुसरी वाट मज्जातंतूंची. कण श्वासनलिकांतल्या संवेदकांना चेतवतात आणि हृदयाची लय, रक्तदाब बदलतो. तिसरी वाट आधी नुसता तर्क होती: सर्वांत बारीक कण स्वतःच रक्तात शिरत असावेत. एडिनबराच्या संशोधकांनी स्वयंसेवकांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण श्वासातून दिले. सोनं शरीरात एरवी नसल्यातच जमा, त्यामुळे सापडलं तर ते श्वासातूनच आलेलं. ते रक्तात सापडलं, लघवीत सापडलं, आणि मानेच्या रक्तवाहिनीत साचलेला थर शस्त्रक्रियेने काढायचा होता अशा रुग्णांच्या त्या थरातही सापडलं. २०१७ ची गोष्ट आहे.

आणखी एक अभ्यास तुमच्या बाबांसारख्यांवरच झालेला आहे. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेले पण स्थिर असलेले २० पुरुष. त्यांना एका खोलीत सायकल चालवायला लावली, एकदा स्वच्छ हवेत आणि एकदा पातळ केलेल्या डिझेलच्या धुरात. धुरात ईसीजीवर हृदयाला रक्त कमी पडत असल्याच्या खुणा जास्त उमटल्या. गुठळी विरघळवणारं शरीराचं स्वतःचं द्रव्यही कमी स्रवलं. छातीत दुखल्याचं कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून ‘मला तर काही होत नाही’ या भावनेवर रुग्णाने विसंबू नये.

चालणं मात्र बंद करू नका, हे मी कळकळीने सांगतो. लंडनमध्ये साठीपुढच्या लोकांना, त्यात हृदयरुग्णही होते, दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि दुसऱ्या वेळी हाईड पार्कमध्ये चालवलं. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर डिझेल बस आणि टॅक्सींचीच वर्दळ असायची. बागेत चालल्यावर फुफ्फुसांची क्षमता सुधारली आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. रस्त्यावर चालल्यावर हा फायदा बराचसा पुसला गेला. म्हणजे पाय तेवढेच चालले, फक्त जागा चुकली.

आलेख

दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, पण एक अडचण मांडतो. डब्लिनचं उदाहरण सगळीकडे दिलं जातं. १ सप्टेंबर १९९० पासून तिथे धूर करणाऱ्या कोळशाच्या विक्रीवर बंदी आली, हवेतला काळा धूर ७० टक्क्यांनी घटला, आणि २००२ च्या शोधनिबंधात श्वसनाचे मृत्यू सुमारे १५ टक्के व हृदयाचे सुमारे १० टक्के कमी झाल्याचं म्हटलं. पुढे त्याच संशोधकांपैकी काहींनी जास्त काळाची माहिती घेऊन पुन्हा पाहिलं तेव्हा हृदयाच्या मृत्यूंतली घट टिकली नाही. मग कशावर विश्वास ठेवायचा? आणि ते जगभरचे लाखो मृत्यू तरी गणितातूनच आलेले ना?

सूक्ष्मतुला

हो, हे खरं आहे, आणि हे आठवणीने मांडलंत ते बरं झालं. त्या काळात हृदयविकाराचे मृत्यू बंदी नसलेल्या भागांतही कमी होत होते. उपचार सुधारत होते, लोक सिगारेट सोडत होते. ती उतरण वेगळी काढल्यावर हृदयाची घट बंदीच्या नावावर मांडता आली नाही. श्वसनाच्या मृत्यूंतली घट मात्र टिकली. एका शहराच्या एका घटनेवर सगळा भार टाकू नये तो यासाठीच. हृदयाबद्दलचा विश्वास डब्लिनवर उभा नाही. तो ‘नाडी’ यांनी सांगितलेल्या प्रयोगांवर आणि एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या पद्धतींनी झालेल्या कामांवर उभा आहे. अमेरिकेतल्या ६ कोटींहून अधिक वयस्कर लोकांच्या नोंदींवरचा २०१७ चा अभ्यास त्यातलाच. पीएम २.५ मध्ये घनमीटरला १० मायक्रोग्रॅम वाढ झाली की मृत्यूचं प्रमाण ७.३ टक्के जास्त. तेव्हाच्या कायदेशीर मर्यादेखाली असलेल्या हवेतही परिणाम थांबला नव्हता, उलट तिथे तो अधिक तीव्र दिसला.

लाखोंचा आकडा गणितातूनच येतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साठी बाहेरच्या हवेमुळे ४२ लाख अकाली मृत्यूंचा अंदाज दिलाय. कुठल्या भागात किती धूळ, त्या धुळीत धोका किती पटीने वाढतो आणि तिथे त्या आजारांनी एरवी किती माणसं जातात, या तिन्हींचा तो हिशेब. तंबाखूच्या मृत्यूंचे आकडे असेच काढतात. दाखल्यावर तिथेही फुफ्फुसाचा कर्करोगच लिहिलेला असतो, आणि त्याबद्दल आज कोणी शंका घेत नाही.

आणि ‘एक तरी दाखला दाखव’ याचं उत्तर द्यायचं राहिलं. असा दाखला आहे. एला अडू-किस्सी-डेब्रा ही लंडनच्या लुइशममध्ये, साउथ सर्क्युलर या रहदारीच्या रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची मुलगी. दम्याच्या झटक्यांनी तिला पुन्हा पुन्हा इस्पितळात न्यावं लागलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गेली. २०१४ च्या पहिल्या चौकशीत हवेचा उल्लेखही नव्हता. तिच्या आईने, रोझमंड यांनी, माघार घेतली नाही. प्राध्यापक स्टीफन होलगेट यांनी तिच्या आजारपणाच्या तारखा आणि जवळच्या केंद्रावरच्या हवेच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. उच्च न्यायालयाने जुना निष्कर्ष रद्द केला, नव्याने चौकशी झाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूच्या कारणांत श्वसनक्रिया बंद पडणं, तीव्र दमा आणि त्याखाली हवेच्या प्रदूषणाचा संपर्क अशी नोंद झाली.

त्या घरापासून काही अंतरावर एक केंद्र होतं आणि तिथे कोणीतरी रोजच्या रोज मोजत होतं, म्हणून ही नोंद होऊ शकली. ते केंद्र बंद पडलेलं असतं तर त्या आईच्या हातात काय राहिलं असतं? जिथे मोजमापच होत नाही तिथली मुलं तर बेरजेतसुद्धा नीट दिसत नाहीत. मोजणी केंद्रांवरचा खर्च कमी करायचा विषय कुठेही निघाला की मला राहवत नाही, मी बोलते.

शाळेची घंटा

मुलांचा विषय निघालाच आहे तर एक भर घालते. दक्षिण कॅलिफोर्नियात दहा ते अठरा वयाच्या मुलांची फुफ्फुसं वर्षानुवर्षं मोजली. सर्वांत मळक्या हवेच्या गावात अठराव्या वर्षी फुफ्फुसांची ताकद लक्षणीय कमी असलेली मुलं ७.९ टक्के होती, सर्वांत स्वच्छ गावात १.६ टक्के. पण मी शिक्षिका म्हणून जास्त धरून ठेवते तो भाग पुढचा आहे. तिथली हवा कायद्यांमुळे सुधारत गेली आणि नंतरच्या तुकड्यांतल्या मुलांची फुफ्फुसं आधीच्यांपेक्षा चांगली वाढली. कमी ताकदीच्या मुलांचं प्रमाण ७.९ वरून ३.६ टक्क्यांवर आलं. २०१५ मध्ये हे छापून आलं. आमच्या फाटकासमोर मुलांना घ्यायला आलेल्या गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असत. आम्ही पालकांशी बोलून ते बंद करून घेतलं.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. एलाबद्दल भावाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ तेच पुन्हा वाचत होता. आता बाबांच्या चालण्याचं आणि यंत्राचं सांगाल का?

सूक्ष्मतुला

आधी यंत्राचं. स्वस्त यंत्रात वजन होत नाही. लेझरचा किरण कणांवरून किती विखुरतो त्यावरून ते अंदाज बांधतं. धुक्यात कण पाणी शोषून फुगतात आणि जास्त प्रकाश विखुरतात, म्हणून आकडा फुगतो. आमच्या खोलीत फिल्टर आधी कोरडा होतो तो यासाठीच. रहदारीतली गोष्ट उलटी आहे. इंजिनातून ताजे बाहेर पडणारे बहुतेक कण ०.१ मायक्रॉनहून बारीक असतात, आणि ०.३ मायक्रॉनच्या खालचं या यंत्राला जवळजवळ दिसतच नाही. त्यांना वजनही नगण्य असतं, त्यामुळे माझ्या तराजूलाही ते फारसे कळत नाहीत. म्हणून चौकात आकडा कमी दिसला तरी तिथली हवा चांगली समजू नका. यंत्राचा उपयोग तुलनेसाठी करा: खिडकी उघडी आणि बंद, आतली खोली आणि बाहेरची, कोरड्या दिवशी.

चालण्यासाठी रस्त्यापासून जितकं आत जाता येईल तितकं जा. लॉस एंजेलिसच्या महामार्गांजवळ मोजलं तेव्हा हे अतिसूक्ष्म कण पहिल्या शंभरेक मीटरांतच झपाट्याने घटले आणि ३०० मीटरवर आजूबाजूच्या हवेइतके झाले. एक गल्ली आत गेलात तरी फरक पडतो. थंडीत भल्या पहाटे हवा जमिनीलगत कोंडलेली असते, ऊन पडून ती वर मिसळू लागली की चालायला निघा. उन्हाळ्यात मात्र भर दुपारी जमिनीलगत ओझोन (फुफ्फुसांना त्रास देणारा वायू) वाढतो, ती वेळ टाळा.

चौकाकडची खिडकी रहदारीच्या वेळी बंद ठेवा आणि बाकीच्या वेळी उघडा. दिवसभर बंद ठेवून घरातलाच धूर कोंडू नका. बाबांची झोपायची खोली मागच्या बाजूला हलवता आली तर फार बरं. हवा शुद्ध करणारं यंत्र घेणार असाल तर हेपा (बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचंच घ्या, ओझोन सोडणारं नको.

नाडी

मास्कबद्दल राहिलं. बीजिंगमध्ये हृदयरुग्णांना चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावून चालवलं तेव्हा रक्तदाब कमी राहिला आणि ईसीजीवरच्या त्या खुणाही घटल्या. कापडी मास्कचा इथे उपयोग नाही, एन९५ प्रकारचा हवा. पण दम लागत असेल तर बाबांच्या डॉक्टरांना विचारूनच लावा. आणि गोळ्या वेळेवर. चालताना छाती भरून आली, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं, तर हवेचा आकडा बघत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.